सूत्रधारांची उपेक्षा

कार्तिकी एकादशी उलटली आणि शेतातील भात खळ्यावर आले, की आपल्या किनारपट्टीवर जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि त्याच्या पाठोपाठ नाटकांचा. पेडण्यापासून काणकोणपर्यंत देवळांच्या प्रांगणात मंच उभे राहतात, दशावतारी मंडळ्यांचे पेटारे गावोगाव फिरू लागतात आणि मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकेही घाट उतरून गोव्याकडे येतात. वृत्तपत्रांतून त्यांच्या जाहिराती झळकतात. नटनटींची नावे ठळक अक्षरांत, नाटककार-दिग्दर्शकांची त्याखाली, आणि अगदी तळाशी, नजर सहसा पोचत नाही अशा ठिकाणी, बारीक टाइपात एक ओळ असते: ‘सूत्रधार’ अमुक अमुक. आजचा हा अग्रलेख त्या तळच्या ओळीविषयी आहे.

संस्कृत नाटकात सूत्रधार नांदीनंतर रंगमंचावर येऊन प्रेक्षकांशी बोलत असे. आजच्या मराठी व्यवसायात हा शब्द नाट्यव्यवस्थापकासाठी रूढ झाला आहे, आणि तो रंगमंचावर कधीच येत नाही. नाट्यगृहाची तारीख मिळविणे, ती तारीख आणि पाच-सहा नटांच्या मोकळ्या तारखा यांची सांगड घालणे, जाहिरात, तिकीटविक्रीचा प्लॅन, परवाने, बस, सामानाचा टेम्पो, उतरण्याची व जेवणाची सोय, प्रत्येकाची ‘नाइट’ चुकती करणे, आणि एखादा नट आजारी पडला तर रात्रीतून बदली नट उभा करणे, हे सारे त्याचे काम. प्रयोग रंगला तर टाळ्या नटाला मिळतात, फसला तर शिव्या सूत्रधाराला. त्याच्या हाताखाली सेट लावणारे, प्रकाशयोजना सांभाळणारे, ध्वनी पाहणारे, कपडेपट व रंगभूषा सांभाळणारे असे आठ-दहा लोक असतात. त्यांचे तर जाहिरातीतही नाव नसते.

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण नटांचा आणि नाटककारांचा म्हणून वाचतो. तो तितकाच प्रवासाचा आणि हिशेबाचा इतिहास आहे. त्याचा उगमच मुळी एका फिरत्या मंडळीत आहे, आणि ती मंडळी आपल्याच सागरतीरावरची होती. उत्तर कानड्यातील करकी गावची भागवत मंडळी १८४२च्या सुमारास सांगलीस आली. तिचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. राजाश्रय होता तोवर भाव्यांना खर्चाची विवंचना नव्हती. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, आश्रय सुटला आणि मंडळीला पोटासाठी गाव सोडावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून झालेले त्यांचे प्रयोग हा आपल्या धंदेवाईक रंगभूमीचा प्रारंभ मानला जातो. म्हणजे मराठी नाटक हौसेने दौऱ्यावर निघालेले नाही, आश्रय तुटल्यामुळे निघाले. दौऱ्याचा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न त्या दिवसापासून आपल्या पाठीशी लागला आहे.

पुढच्या पाऊणशे वर्षांत या प्रश्नाला ‘नाटक मंडळी’ हे उत्तर सापडले. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. अण्णासाहेब १८८५ मध्येच गेले. परंतु त्यांची मंडळी त्यानंतरही अनेक वर्षे टिकली, कारण नटसंचाइतकीच तिची व्यवस्था पक्की होती. मंडळीचे व्यवस्थापन पाहणारे शंकरराव मुजुमदार हे ‘रंगभूमि’ मासिकाचे संपादकही होते, ही गोष्ट आजच्या वाचकाला मुद्दाम सांगावीशी वाटते. १९०८ मध्ये केशवराव भोसल्यांनी ‘ललितकलादर्श’ची स्थापना केली ती हुबळीस. १९१३ मध्ये ‘गंधर्व नाटक मंडळी’ निघाली. १९१८ मध्ये मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आपल्या सहकाऱ्यांसह ‘बळवंत संगीत मंडळी’चे भागीदार झाले. आज आपण ज्याला सीमाभाग म्हणतो आणि ज्याला गोमंतक म्हणतो, ते प्रदेश या इतिहासाच्या कडेला नव्हते, मध्यभागी होते.

या मंडळ्या म्हणजे चालते-बोलते संसार होते. मुक्कामाच्या गावी बिऱ्हाड घ्यावयाचे, आचारी बरोबर, पंगत एक, तालीम एक. पडदे रंगविणारा, पेटीवाला, कपडे सांभाळणारा, सारे त्याच पंगतीत. पगार तुटपुंजा असेल, कधी महिनोन्‌महिने थकेलही. पण पावसाळ्यात खेळ बंद असताना माणूस उपाशी राहत नसे आणि आजारी पडला तर वाटेत सोडला जात नसे. अर्थात या संसाराची दुसरी बाजूही विसरता येत नाही. मालकाची मर्जी हाच कायदा होता, आणि उत्पन्नापेक्षा हौस मोठी झाली की सारा संसारच कर्जात बुडे. बालगंधर्वांच्या मंडळीला बडोद्याच्या सयाजीरावांसारख्या जाणत्या राजाचा आश्रय लाभला, महाराष्ट्राचे अमाप प्रेम लाभले. तरी वैभवशाली निर्मितीच्या खर्चाचा मेळ बसला नाही आणि कर्जाचा डोंगर उभा राहिला. अलौकिक गुण असलेल्या कलावंतालाही चोख हिशेबावाचून तरणोपाय नाही, हा त्या शोकांतिकेचा धडा आहे.

व्यवस्था नीट असली तर काय घडू शकते याचेही उदाहरण त्याच काळात आहे. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी ‘ललितकलादर्श’ आणि ‘गंधर्व’ या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मुंबईत ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. केशवराव भोसले आणि बालगंधर्व एका रंगमंचावर आले, याचे वर्णन आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. परंतु दोन मंडळ्यांचे मानपान सांभाळून, त्यांच्या तारखा जुळवून, राष्ट्रकार्यासाठी तो प्रयोग तडीस नेणाऱ्या पडद्यामागच्या माणसांविषयी आपल्याला किती ठाऊक आहे? त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव कालवश झाले. ती तारीख तेव्हा जुळली नसती, तर पुन्हा कधीच जुळली नसती.

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला आणि पाहता पाहता मंडळ्या मोडल्या. त्यांच्या जागी जी नवी पद्धत आली ती ‘नाइट’ची, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. या पद्धतीने नटाला मालकाच्या मर्जीतून सोडविले, हे मान्य केलेच पाहिजे. तो आज या संस्थेत, उद्या त्या संस्थेत काम करू शकतो. परंतु सेटच्या चौकटी खांद्यावर वाहणाऱ्या माणसाची या व्यवहारात पंगतही गेली आणि छप्परही गेले. संसार मोडला आणि त्याच्या हाती केवळ रोजंदारी राहिली.

या नव्या काळातही व्यवस्थापनाचे उत्तम नमुने निर्माण झाले. १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेले आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ फिरत्या रंगमंचासाठी गाजले. प्रभाकर पणशीकरांच्या अभिनयाची वाखाणणी झाली ती योग्यच. पण तो अवजड फिरता रंगमंच गावोगाव नेऊन प्रयोगाच्या वेळेपर्यंत जोडून देणारे हातही त्या यशाचे भागीदार होते. मुंबईतील ‘दि गोवा हिंदु असोसिएशन’च्या कलाविभागाने तर व्यावसायिकांना लाजवील अशी शिस्त हौशी संस्थेच्या चौकटीत आणून दाखविली. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’ आणि १९७० मधील ‘नटसम्राट’ ही त्या संस्थेची देणगी. रामकृष्ण नायक यांच्यासारखा कार्यकर्ता रंगमंचावर भूमिका न करताही नाट्यसृष्टीत केवढा मान मिळवू शकतो, हे गोमंतकीयांना सांगावयास नको. याच संस्थेने पुढे बांदोड्यास ‘स्नेहमंदिर’ हा वृद्धाश्रम उभारला. ज्यांना माणसांची व्यवस्था करता येते त्यांना नाटकाची करता येते, आणि नाटकाची करता करता माणसांची करण्याची सवय लागते, असेच त्यातून दिसते.

आता आजच्या दौऱ्याचा एक दिवस पाहू. आदल्या रात्री कोल्हापूर किंवा सावंतवाडीचा प्रयोग आटोपून बस निघते आणि पहाटे गोव्यात पोचते. नट विश्रांतीसाठी हॉटेलात जातात, आणि सामानाबरोबर आलेले कामगार थेट नाट्यगृहात. सकाळपासून चौकटी उभ्या राहतात, विंगा-झालरी बांधल्या जातात, दिव्यांचे कोन लावले जातात. या गावचा रंगमंच कालच्या गावच्यापेक्षा चार फुटांनी अरुंद आहे, हे तेथे पोचल्यावर समजते. मग सेट कापूनकोंडून बसवावा लागतो. संध्याकाळी तिसरी घंटा होते, तीन तास खेळ चालतो. प्रेक्षक घरी जाऊन जेवून निजतात, तेव्हा हीच माणसे सेट उतरवीत असतात. मध्यरात्र उलटल्यावर टेम्पो भरतो आणि पुढच्या गावाची वाट धरतो. गेल्या हंगामात एका प्रयोगानंतर काही कारणाने आम्ही नाट्यगृहात मागे राहिलो होतो. विंगेत घडी केलेल्या पडद्यावर एक पन्नाशीचा गृहस्थ पाय पोटाशी घेऊन झोपला होता. आणखी अर्ध्या तासाने तो उठून टेम्पो हाकणार होता, असे आम्हाला सांगण्यात आले. त्याने दिवसभर सेट लावला होता आणि प्रयोगात दृश्ये बदलली होती. आता रात्रीच्या घाटातून तोच गाडीही नेणार होता.

दौरा माणसाला कसा झिजवितो हे नाट्यसृष्टीस चांगले ठाऊक आहे. काशिनाथ घाणेकरांसारखा लोकप्रियतेच्या शिखरावर वावरलेला नट १९८६ मध्ये दौऱ्यावर असतानाच, घरापासून दूर अमरावतीत, मृत्यू पावला. नटाच्या मृत्यूची निदान बातमी होते, पुण्यतिथी होते. रंगमंच कामगार थकला की तो फक्त येईनासा होतो.

या साऱ्या व्यवहाराचा पाया किती ठिसूळ आहे हे महामारीने उघडे पाडले. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली. महाराष्ट्रात ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निम्म्या आसनांच्या अटीवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा खुली झाली. प्रयोग नाही म्हणजे ‘नाइट’ नाही. ज्यांना मालिका-चित्रपटांचा आधार होता ते तरले. ज्यांचे सारे कसब सेट लावण्यात होते त्यांना कुणी भाजी विकताना पाहिले, कुणी रखवालदारी करताना. सहकलावंतांनी आणि संस्थांनी वर्गणी काढून शिधा वाटला, ही त्यांची माणुसकी. पण दीडशेहून अधिक वर्षांच्या व्यवसायाला आपल्या कामगाराचे दोन वर्षांचे संकट दानधर्मावर निभवावे लागावे, ही त्या व्यवसायाची नामुष्की आहे.

दौरा परवडत नाही अशी ओरड नेहमी होते. तिच्या मुळाशी जाऊन पाहिले पाहिजे. दौऱ्याचा बहुतेक खर्च प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून नसतो. नाट्यगृह भरो वा रिकामे राहो, बसचे डिझेल तेवढेच, टेम्पोचे भाडे तेवढेच, ‘नाइट’ तीच, जेवणखाण तेच. मुंबईहून गोव्यास येणे म्हणजे साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक पल्ला. महामार्गाच्या चौपदरीकरणास २०११ मध्ये प्रारंभ झाला आणि ते दशकाहून अधिक काळ रेंगाळले. त्या रेंगाळण्याचा दंड नाटकाच्या बसलाही भरावा लागला. १९९८ पासून कोकण रेल्वे अखंड धावते. पण तिने नट येऊ शकतात, सेट येत नाही. एवढा खर्च करून एकच प्रयोग करावयाचा तर तिकीट इतके चढवावे लागेल की सामान्य गोमंतकीय कुटुंब ते घेणार नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा करातून सूट आहे, हे खरे. परंतु करमाफीने रिकाम्या खुर्च्या भरत नाहीत. तोच खर्च चार-पाच प्रयोगांवर विभागला तर मात्र चित्र पालटते. तेव्हा दौऱ्याचे यशापयश बव्हंशी एकाच गोष्टीवर ठरते: लागोपाठच्या तारखा, जवळजवळच्या गावांत मिळतात की नाहीत.

आणि येथे आम्हाला आपल्याच घराकडे बोट दाखविणे भाग आहे. नाट्यगृहांच्या बाबतीत गोवा दरिद्री नाही. पणजीत कला अकादमीचे दीनानाथ मंगेशकर कला मंदिर आहे, फोंड्यास राजीव कला मंदिर आहे, मडगाव, साखळी, कुडचडे, वास्को येथे रवींद्र भवने आहेत. एवढ्या लहान प्रदेशात तासा-दीड तासाच्या अंतरावर अशी नाट्यगृहे असणे हे भाग्य अनेक मोठ्या राज्यांनाही लाभलेले नाही. परंतु प्रत्येकाचे आरक्षण वेगळे, नियम वेगळे, तारीख देण्याची तऱ्हा वेगळी. शुक्रवार पणजीत मिळतो, शनिवारी मडगाव मिळत नाही, रविवारी फोंड्यात पूर्वीच एखादे स्नेहसंमेलन ठरलेले असते. दिलेली तारीख ऐनवेळी एखाद्या सरकारी समारंभासाठी काढून घेतल्याच्या तक्रारीही आमच्या कानी येतात. २०२१ मध्ये कला अकादमीची वास्तू नूतनीकरणासाठी बंद झाली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये खुली झाली, आणि त्यानंतरही तेथील ध्वनी व प्रकाश यांविषयी कलावंतांना जाहीरपणे बोलावे लागले. राजधानीतील मुख्य रंगमंचच मिळत नसेल तर दौऱ्याच्या साखळीतील पहिली कडीच तुटते.

इंदूरच्या मराठी मंडळींनी या प्रश्नावर काढलेला तोडगा अभ्यासण्याजोगा आहे. तेथील ‘सानंद न्यास’ वर्षाची सभासद-वर्गणी आगाऊ घेतो, सभासदांचे गट पाडतो आणि आलेल्या नाटकाचे प्रत्येक गटासाठी लागोपाठ प्रयोग करतो. सेट एकदा लागतो, कामगाराला रात्रीचा प्रवास करावा लागत नाही, संस्थेला उत्पन्नाची हमी मिळते, आणि शेकडो मैल दूर असलेल्या शहराला नवी नाटके पाहावयास मिळतात. महाराष्ट्राबाहेर राहून, राजाश्रय नसताना, केवळ संघटनेच्या बळावर त्यांनी हे साधले आहे. इंदूरला जे जमते ते गोव्याला आणि बेळगावला का जमू नये?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, दशावतार कुणाच्या अनुदानावाचून शतकानुशतके चालला आहे. मग नाटकालाच ही लाड-कौतुके कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. दशावतारी मंडळीचे सारे वैभव पेटाऱ्यात मावते. तिला सेट नाही, लिखित संहिता नाही. नट आपले तोंड आपणच रंगवितो. मुक्काम एका जत्रेहून शेजारच्या जत्रेला, बिदागी आधी ठरलेली, आणि पावसाळ्यात घरची शेती. मोचेमाडकर, आजगावकर, पार्सेकर, वालावलकर यांच्यासारख्या मंडळ्यांचे हे अर्थशास्त्र कोणत्याही व्यवस्थापनतज्ज्ञाने शिकावे असे आहे. पण ते नीट पाहिले तर आमचाच मुद्दा सिद्ध होतो. लहान अंतर, लागोपाठच्या तारखा आणि ठरलेले उत्पन्न या तीन गोष्टींवरच दशावतार टिकला. त्याच तीन गोष्टी आम्ही नाटकासाठी मागत आहोत. नाटकवाल्यांनीही आपले सेट प्रवासाला सोपे ठेवण्याचा धडा त्यातून घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुंबईच्या संस्थांसाठी गोव्याने पायघड्या का घालाव्यात? आमचा गावोगावचा हौशी नट स्वखर्चाने भाड्याचे पडदे आणि कपडे आणून जत्रेत नाटक करतो, त्याला कोण विचारतो? आम्ही या भावनेशी पूर्णतः सहमत आहोत. म्हणूनच ही साखळी दुहेरी असावी, असे आमचे म्हणणे आहे. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी महिनोन्‌महिने तालमी करून बसविलेले नाटक एका प्रयोगानंतर गुंडाळून ठेवले जाते, हे आपण दरवर्षी पाहतो. ते नाटक गोव्यातील पाच नाट्यगृहांत आणि पुढे सावंतवाडी-बेळगावपर्यंत गेले पाहिजे. ज्या व्यवस्थेने मुंबईचे नाटक येथे येईल, त्याच व्यवस्थेने येथले नाटक बाहेर जाईल. पोर्तुगीज अमदानीत सीमा ओलांडून नाटक आणणे-नेणे हे सरकारी परवानगीचे आणि जोखमीचे काम होते. १९६१ नंतर ती सीमा उरली नाही. तरीही आमचे नाटक आमच्याच गावात अडकून पडत असेल, तर दोष परक्या सत्तेला देता येणार नाही.

तेव्हा आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत. कला व संस्कृती खात्याने सर्व शासकीय नाट्यगृहांचे एकत्रित वेळापत्रक ठेवावे आणि दौऱ्यावरील नाटकाला, ते बाहेरचे असो वा येथले, लागोपाठच्या तारखांचा संच एकाच अर्जावर द्यावा. दिलेली तारीख काढून घेतल्यास संस्थेला भरपाई मिळावी. प्रत्येक नाट्यगृहाने आपल्या रंगमंचाची मापे, दिवे, वीजभार यांची माहिती आगाऊ उपलब्ध करावी. रंगमंच कामगारांसाठी प्रत्येक ठिकाणी पाठ टेकण्याजोगी स्वच्छ खोली आणि स्नानगृह असावे. त्यासाठी नवी वास्तू नको, असलेल्या खोलीचे कुलूप काढले तरी पुरे. निर्मात्यांनी असा दंडक घालून घ्यावा की, ज्याने दिवसभर सेट लावला तो रात्री गाडी चालविणार नाही. आणि दौऱ्यावर निघणाऱ्या प्रत्येकाचा अपघातविमा उतरविला जावा; त्याचा खर्च ठळक टाइपातल्या एका जाहिरातीपेक्षा फार असेल असे आम्हाला वाटत नाही.

शेवटी प्रेक्षकांविषयी. फुकट पास मागणे हे आपल्याकडे प्रतिष्ठेचे लक्षण समजले जाते, आणि या रोगाची लागण वृत्तपत्रांनाही झालेली आहे, हे आम्ही आमच्यासह मान्य करतो. पहिल्या दोन रांगा पासवाल्यांनी भरतात, त्यांतल्या निम्म्या ऐनवेळी रिकाम्या राहतात, आणि तिकीट काढून आलेला रसिक मागे बसतो. त्या रिकाम्या खुर्चीचे भाडे अखेर विंगेत झोपलेला तो गृहस्थ भरतो. या हंगामापासून आमच्या कचेरीत येणारे पास आम्ही साभार परत करणार आहोत आणि आमचे प्रतिनिधी तिकीट काढून नाटकास जातील. खात्याच्या अधिकाऱ्यांनी, लोकप्रतिनिधींनी आणि नाट्यगृहांच्या समित्यांच्या सदस्यांनीही तसेच करावे, अशी आमची त्यांना विनंती आहे. बाकीच्या सूचनांना बैठका आणि फायली लागतील. एवढी एक सूचना येत्या शनिवारच्या प्रयोगापासून अंमलात आणता येण्यासारखी आहे.